पाण्याचा दिवस आणि माझी बोट

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला मी लोणच्याच्या बरण्यांविषयी लिहिलं होतं, आणि आज एकदम बोटीविषयी लिहायला बसले आहे. बाईंना झालंय तरी काय, असं तुम्हांला वाटेल. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. एका भगिनीचा मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, "आई, आम्हांला रजा नाही, तू एकटीच आठ दिवस कॅरिबियनच्या बोटीवर फिरून ये." जाऊ का, असं त्या विचारतात. दुसरीने तर पत्राखाली नावही घातलं नाही. तिने एवढंच लिहिलंय, "मला एकटीला कुठेतरी जावंसं वाटतं. हे मनात येणंच चूक आहे का?"

हे दुसरं पत्र मी बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. कारण वर्षभरापूर्वी तोच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. तेव्हा उपदेश बाजूला ठेवते आणि काय घडलं ते सांगते.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिने एकटीने मायामीहून सात दिवसांची कॅरिबियनची सफर केली आणि फोटो पाठवले. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि मधोमध आमची ही बाई, डोक्यावर ही एवढी टोपी! घरात सगळ्यांनी पाहिले. सासरे म्हणाले, "वेस्ट इंडीज म्हणजे १९७१ चा गावसकर! पहिल्याच दौऱ्यात ७७४ धावा." त्यांना शेजारच्या घरातला रेडिओ आठवला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मी पोळ्या लाटायला उठले.

पण डोक्यातून जाईना. मी इथे एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात सागरी प्रवाह आले. मी फळ्यावर बाण काढून सांगत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही कधी समुद्रात गेलात?" मी म्हटलं, जुहूला गेलेय. ती म्हणाली, "काठावर नाही बाई, आत."

आत कधीच नाही. बारा वर्षं मी मुलांना समुद्र शिकवते आहे, आणि आमच्या सोलापुरात पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव नाहीतर नळाला येणारं पाणी! त्या रात्री आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझं वय सदतीस. माहेरी बहिणींबरोबर झोपले, लग्न होऊन इकडे आले, मग मुलं झाली. आयुष्यात एका खोलीत मी एकही रात्र एकटीने काढली नव्हती.

कॅरिबियन आमच्या हिशेबात बसणारं नव्हतं. अमेरिकेचा व्हिसा, विमानाचं भाडं, सगळं लाखांत. पण मुंबईहूनही प्रवासी जहाजं निघतात. गंमत म्हणजे २०२१ साली मुंबईहून सुरू झालेलं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेलं, आणि पूर्वी ते अमेरिकेतून बहामा-कॅरिबियनकडेच जायचं. म्हणजे तिकडची बोट इकडे आली! मी मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची सफर निवडली. पोस्टातलं माझं आरडी नुकतंच पुरं झालं होतं. पैसे माझ्या तासिकांचे होते, तरी विचारताना घसा कोरडा पडलाच.

हे रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "कशासाठी? मे महिन्यात सगळेच जाऊ की." रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "कशासाठी" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाई मात्र थेट बोलल्या, "एकटीच जायलीस? आन् पाण्यावर? लोकांचं जाऊ दे, त्या शनिवारी पाण्याचा दिवस हाय. घरात कोण बघनार?" आमच्या भागात तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं. ते यायच्या दिवशी घरातली बाई घरात नाही, ही गोष्ट आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हती. त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

त्या चार दिवसांत मला आनंदीबाई जोशी आठवत राहिल्या. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' बोटीत चढल्या, तेव्हा नुकतंच अठरावं पुरं झालेलं. सोबत मिशनरी बायका होत्या, घरचं कुणीही नव्हतं. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानण्याचा तो काळ. जाण्याआधी त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत आपण का जातो ते उभं राहून सांगितलं होतं. पण त्या डॉक्टर व्हायला गेल्या. त्रिनिदादला १८४५ साली 'फतेल रझाक' बोटीतून आपल्या इकडची माणसं पोचली ती मळ्यांत राबायला. मी कशाला चालले होते? नुसतं बघायला. नुसतं बघायला जाणाऱ्या बाईने सभेत काय सांगायचं?

शेवटी ह्यांना म्हटलं, "कारण नाही. मला जायचंय." हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग पाणी केव्हा येतं ते लिहून ठेव."

मी चार पानी यादी केली. डाळ किती, मीठ कुठे, कुकरच्या शिट्ट्या किती. ह्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "एवढं वाचण्यापेक्षा मी उपाशी राहीन." खरंच होतं ते. यादी फाडली आणि तीनच ओळी फ्रिजवर लावल्या. पाण्याची वेळ व मोटारीचं बटण, सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, धाकट्याचा डबा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी डब्यात भरून ठेवल्या. त्यांच्या जिवावर सोलापूरकर चार दिवस काढतोच.

गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघाले, शुक्रवारी सकाळी मुंबई. दुपारी बोटीवर. आधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते, जाकीट कसं घालायचं आणि कुठे जमायचं ते दाखवतात. १९१२ ला टायटॅनिक बुडालं आणि १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही परंपरा. काहीजण हसत होते. मी पोरींना सांगायचं म्हणून नीट ऐकलं.

संध्याकाळी बोट सुटली. मी मागच्या कठड्याशी उभी होते. मुंबईचे दिवे लागले, आणि बोट लांब जाऊ लागली तसे इमारतींचे खालचे मजले आधी नाहीसे झाले, मग वरचे. शेवटी सर्वांत उंच इमारतींचेच दिवे राहिले. पृथ्वी गोल आहे हे मी शेकडो वेळा शिकवलंय. त्या दिवशी ते पाहिलं.

आता खरं सांगते. पहिली रात्र मजेची गेली नाही. जेवणाच्या दालनाशी विचारलं, "किती जण?" मी "एक" म्हटलं आणि कुठूनसा हुंदकाच आला. शेजारच्या टेबलावर एका कुटुंबातली बाई मुलाला भरवत होती, तिचं ताट गार होत होतं. माझ्या ताटातून वाफ येत होती. गरम जेवण मी इतक्या वर्षांत पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत गरम खाल्लं नव्हतं, आणि नेमकं ते गळ्याखाली उतरेना. वाढणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. हळूच म्हणाला, "ताई, वरणभात आणू का?" तो सहा-सहा महिने घर बघत नाही म्हणाला. त्याच्यापुढे दोन रात्रींचं रडं मलाच लाजिरवाणं वाटलं.

बोट हलायला लागली तशी मळमळही सुरू झाली. आलेपाकाचे तुकडे चघळत पडून राहिले. पहाटे पाचला जाग आली, सवयीने उठले आणि पाय खाली ठेवल्यावर आठवलं, आज पाण्याचा दिवस! आणि मी चहूकडून पाण्यात. मग वर गेले. जमीन कुठेच नव्हती. पाणी मातकट होतं ते निळंकाळं झालं होतं, आणि क्षितिज पूर्ण गोल. आपले डोळे पाण्यापासून तीस मीटर उंच असले, तर क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर दिसतं. हे गणित मी कठड्याला टेकून बोटांवर मांडलं. तास-दीड तास तिथेच बसले. कुणी हाक मारली नाही. सुरुवातीला हाक येत नाही याचीच भीती वाटत होती. मग भीती गेली. मैत्रिणींनो, तेवढा दीड तास मी तुम्हांला नीट सांगू शकत नाही, पण त्यासाठी सगळे पैसे वसूल झाले.

तिथे एक गोष्ट कळली, ती आपल्या सोलापूरच्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. अशी मोठी जहाजं वापरायचं बरंचसं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून तयार करतात. आणि तिथेही "पाणी जपून वापरा" अशी पाटी होती! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी घरी पोचले. पाण्याचं काय झालं? ह्यांनी मोटार लावली, पण व्हॉल्व्ह उघडायचा राहिला, कारण तो मी यादीत लिहिलाच नव्हता. शेजारच्या काकूंनी येऊन उघडला. एक पिंप अर्धं राहिलं. घर बुडालं नाही.

दुपारी मी भांडी आवरत होते. सासूबाई येऊन पाटावर बसल्या. म्हणाल्या, "किती लांब दिसतं गं?" मी वीस किलोमीटरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे इथनं मोहोळच्या अलीकडं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी पंढरपुरात नावेत बसले हुते, इष्णुपदाला जायाला. तेवढंच. समिंदर मला कुनी दाखिवला न्हाई. आन् मी बी कुनाला म्हनले न्हाई."

अडुसष्ट वर्षांची बाई. चार दिवसांचा अबोला लोकलाजेपायी, असं मी समजत होते. तो अबोला आहे कशाचा, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. माझ्याच घरात तो प्रश्न माझ्याआधी कितीतरी वर्षं बसलेला होता.

आता पत्रं लिहिणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी.

कॅरिबियनला निघालात तर अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, ते आधी पाहा. बोट बेटांवर जाऊन परत येते, म्हणजे तुम्ही अमेरिकेत दुसऱ्यांदा शिरता. बोट ज्या ज्या बेटावर थांबणार, तिथला नियमही तिकिटाआधीच विचारून घ्या. जून ते नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा हंगाम. तेव्हा तिकीट स्वस्त दिसलं तरी भुलू नका. प्रवासाचा विमा, त्यात आजारपणाचा खर्च धरलेला, अवश्य काढा.

एकटीला बहुधा दोघांचं भाडं पडतं, कारण खोलीचा दर दोघांच्या हिशेबाने लावतात. काही परदेशी बोटींवर २०१० पासून एकट्यासाठी छोट्या खोल्या निघाल्या आहेत, त्या आहेत का ते विचारा. जाहिरातीतल्या आकड्यावर कर आणि बंदराचे आकार वेगळे असतात. मला गाडीभाडं धरून २८,००० च्या आसपास पडले.

मुंबई-गोव्यासाठी पासपोर्ट लागत नाही, आधारकार्ड चालतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काढत नाहीत, ते उगाच नव्हे. थंडीत जा.

खोली शक्यतो मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या, नंतर उपयोग कमी. बरं वाटेनासं झालं की वर जाऊन क्षितिजाकडे पाहा. इस्त्री किंवा किटली नेऊ नका, काढून घेतात. घरचं शिजवलेलंही बहुधा नेऊ देत नाहीत. बोट सुटली की फोन विमानातल्यासारखा बंद ठेवा, नाहीतर बिल पाहून घेरी येईल. खोलीचा क्रमांक कुणालाही सांगू नका आणि घरी बोटीचं नाव, परतीची वेळ लिहून द्या.

आणि ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याची लाँच धरा. तासाभराचा प्रवास, थोडक्या पैशांत खाऱ्या वाऱ्याची चव मिळते. पावसाळ्यात लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोटारी नेणारी मोठी रो-रो बोटही मांडव्याला जाते. ती कमी हलते, म्हाताऱ्या माणसांना बरी.

नाव न घातलेल्या बहिणी, तुझा प्रश्न मी विसरले नाही. मनात येणं चूक नाही. पण घरात सांगताना कारणं जोडत बसू नकोस. जायचंय एवढंच सांग, आणि घरात दुसरं कुणी न बोलता तेच म्हणत नाही ना, तेही एकदा बघ.

येत्या डिसेंबरात मी सासूबाईंना मांडव्याला नेणार आहे. आम्ही दोघीच. तारीख त्यांनीच काढली आहे, पाण्याचा दिवस टाळून. आणि व्हॉल्व्ह कुठे आहे ते ह्यांना त्यांनीच हाताला धरून दाखवलं आहे.