काचेचे दार आणि दरपत्रकातील मोकळ्या जागा



अक्षय्य तृतीयेला नवे दालन उघडायचे, तर फाल्गुनापासूनच गाळ्यात ठोकाठोकी सुरू होते, आणि अलीकडे तिच्या खर्चाचा मोठा हिस्सा दर्शनी काचेचा असतो. आपल्या आजोबांच्या पेढीला दार असे नव्हतेच. सकाळी क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या खोबणीतून काढायच्या, बाजूला रचायच्या. मग दिवसभर गादीवरून रस्ता दिसे आणि रस्त्यावरून गादी. फळ्यांच्या जागी लोखंडी शटर आले आणि शटरच्या आत आता काच आली. धूळ आणि आवाज बाहेर राहतात, वातानुकूलन करता येते, नव्या पिढीच्या ग्राहकाला दुकान ‘शोरूम’ वाटते. यात गैर काही नाही. काच घ्यावी की न घ्यावी हा या महिन्याचा प्रश्न नव्हे. ती कशी घ्यावी, एवढाच आहे.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना एक सवय लागते. कागदावर जे लिहिले आहे, त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते आधी शोधायचे. काचेच्या कामाची बहुतेक दरपत्रके एका ओळीत आटोपतात : ‘१२ एमएम टफन ग्लास, इतके चौरस फूट, इतका दर, फिटिंगसह.’ दर उतरवून घेण्यात आपण व्यापारी मंडळी कुशल असतोच. चौरस फुटामागे दहा-वीस रुपये कमी करून समाधानाने सही करतो. परंतु पुढील खर्च आणि पुढील धोका या ओळीत नसलेल्या शब्दांत दडलेला असतो.

पहिला शब्द काचेच्या जातीचा. साधी काच फुटते तेव्हा तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. जून २०२० मध्ये केरळमधील पेरुंबावूर येथे एका बँक शाखेत आलेली महिला ग्राहक गाडीला राहिलेली किल्ली आणण्यासाठी घाईने बाहेर निघाली आणि काचेच्या बंद दारावर आदळली. दार फुटले, तुकडे पोटात घुसले आणि तिचा मृत्यू झाला. बँकेची शाखा, दिवसाढवळ्या, एक दार. टफन केलेली काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते. ती भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते, आणि फुटलीच तर तिचे बोथट, लहान दाणे होतात. म्हणून दारासाठी आणि माणूस धडकू शकेल अशा प्रत्येक काचेसाठी ‘टफन’ हा शब्द पुरेसा नाही. ‘आयएस २५५३ (भाग १) प्रमाणे’ हे शब्द दरपत्रकात असावेत, आणि माल आल्यावर प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात पुसली न जाणारी उत्पादकाची खूण पाहावी. ज्यांच्याकडे पोलराइज्ड गॉगल आहे, त्यांनी तो लावून तिरक्या उजेडात काच पाहावी. टफन काचेवर पट्टे किंवा ठिपके दिसतात. ही काही प्रयोगशाळेची कसोटी नव्हे, पण फसवणुकीचा संशय तेवढ्याने दूर होण्यास मदत होते.

लॅमिनेटेड काचेची गोष्ट वेगळी. दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा चिकटवलेला असतो, त्यामुळे फुटली तरी ती जागेवर धरून राहते. टफन काच एका फटक्यात खाली ओघळते आणि दुकान उघडे पडते. तेव्हा सराफ बंधूंनी शोकेससाठी, आणि ज्यांची काच वरच्या मजल्यावर पदपथाच्या डोक्यावर आहे त्यांनी, लॅमिनेटेडचा जादा खर्च कुरकुर न करता करावा. कापड व्यापाऱ्यांनाही तिचा एक लाभ आहे : मधला पडदा अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. शोकेसमधल्या साडीचा रंग त्यामुळे अजिबात उडणार नाही असे नव्हे, कारण साधा प्रकाश आणि उष्णताही रंग खातात. मात्र उडण्याचा वेग कमी होतो.

आता हिशेबाची बाजू. टफन काच एकदा भट्टीतून निघाली, की ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. कुलूप, मूठ, बिजागरी यांची सर्व भोके आधीच ठरवावी लागतात. माप अर्ध्या इंचाने चुकले तर ती काच निरुपयोगी होते आणि दुसरी मागवावी लागते. म्हणून माप कोणी घेतले आणि चुकल्यास पैसे कोणाचे, हे लिहून घ्यावे. याच गुणधर्मामुळे एका गाळ्यासाठी बनलेली काच दुसऱ्या गाळ्याला क्वचितच लागू पडते. भाड्याच्या जागेत लाखो रुपयांची काच बसवणाऱ्याने हे नीट समजून घ्यावे : गाळा सोडताना तिची विक्रीची किंमत जवळजवळ शून्य असते आणि कर्ज देणारी बँक तिला तारण म्हणून फारसे मोजत नाही. ताळेबंदात ती मालमत्ता दिसते. प्रत्यक्षात तो आगाऊ दिलेल्या भाड्याचाच एक प्रकार असतो. भाडेकरार तीन वर्षांचा असेल, तर खर्च तीन वर्षांवर वाटून पाहावा आणि मग ठरवावे. जीएसटीचाही प्रश्न आहे. इमारतीच्या बांधकामाचा भाग म्हणून भांडवली खर्चात धरलेल्या कामावर इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणून बिल कोणत्या स्वरूपात यावे हे सनदी लेखापालांना काम सुरू होण्यापूर्वी विचारावे, मार्चअखेरीस नव्हे.

विम्याबद्दल थोडक्यात. आगीच्या विम्यात अपघाताने फुटलेली काच येत नाही. दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीत ‘प्लेट ग्लास’ हा वेगळा विभाग असतो, आणि ग्राहकाला इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचा आणखी एक. दोन्ही मागून घ्यावे लागतात. टफन काच कधीकधी कोणी हात न लावताही फुटते. काचेत राहून गेलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण त्याला कारणीभूत असतो. कारखान्यात ‘हीट सोक’ चाचणी केली तर असे बहुतेक दोष तिथेच उघड होतात. ती केली आहे का हे विचारणारा ग्राहक कंत्राटदाराला विरळाच भेटतो.

दाराखालच्या फ्लोअर स्प्रिंगविषयी दुकानदार जवळजवळ कधीच विचारत नाहीत, आणि पहिली तक्रार नेमकी तिथूनच येते. १२ मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो भरते. ३ फूट रुंद आणि ७ फूट उंच दार म्हणजे सुमारे ५८ किलो. हे ओझे दिवसातून शेकडो वेळा फिरवणारी स्प्रिंग किती किलोसाठी आणि किती रुंदीसाठी बनली आहे, हे दरपत्रकात नावानिशी हवे. फरशी पुसताना पाणी तिच्या पेटीत उतरते, तेल बाहेर येते आणि दार आपोआप सावकाश मिटण्याऐवजी धाडकन आपटू लागते. टफन काचेचे पृष्ठ कणखर असले तरी कडा आणि कोपरे नाजूक असतात. तिथे बसलेला लहान धक्काही अख्खे दार फोडू शकतो. तळघर असेल तर पेटीसाठी फरशी खोदताना खालचा स्लॅब दुखावत नाही ना, हेही पाहावे.

उन्हाचा हिशेब प्रत्येकाला स्वतः मांडता येईल. दुकान पश्चिमाभिमुख आहे असे समजा. १० फूट गुणिले ९ फूट, म्हणजे साडेआठ चौरस मीटरच्या आसपास काच. चैत्र-वैशाखातील दुपारी अशा उभ्या काचेवर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडते असे धरले आणि साध्या पारदर्शक काचेतून त्यातील ७० टक्के उष्णता आत आली असे मानले, तर ती साडेतीन किलोवॅट होते. एक टनाच्या वातानुकूलन यंत्राची क्षमता नेमकी एवढीच. म्हणजे एक टन यंत्र केवळ काचेने आत घेतलेले ऊन बाहेर फेकण्यात खर्ची पडते. ग्राहकांना थंडावा देणारे यंत्र त्याहून वेगळे. ऊन काचेवर पोहोचण्यापूर्वीच अडवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्यामुळे आडवा छज्जा एकटा पुरत नाही. खाली ओढता येणारे कापडी छत त्याच्या जोडीला असावे. आतून लावलेले पडदे डोळ्यांना बरे वाटतात, पण तोवर उष्णता आत आलेली असते.

आगीबाबत एकच सांगतो. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील एका रुग्णालयाला आग लागली. तळघरातून सुटलेला धूर काचेने बंदिस्त इमारतीत कोंडला, अग्निशामक दलाला काचा फोडून आत शिरावे लागले, आणि सुमारे ९० माणसे दगावली. आपली इमारत दोन-तीन मजली असली तरी पूर्ण काचेने मढवलेल्या दर्शनी भागात उघडणाऱ्या खिडक्या किती, हा प्रश्न वास्तुविशारदाला विचारलाच पाहिजे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार ही जबाबदारी मालकावर व भोगवटादारावरही आहे. सरकते सेन्सर दार घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते हाताने उघडते की नाही, हे कंत्राटदारासमोरच करून पाहावे.

उरतो काचेचा मूळ दोष : ती दिसत नाही. खरे म्हणजे तिचा गुणही हाच. स्वच्छ पुसलेल्या काचेवर लहान मूल धावत येते, वयस्कर आजी कपाळ आपटून घेतात. जमिनीपासून सुमारे ३ फुटांवर मुलांसाठी आणि ५ फुटांवर मोठ्यांसाठी ठसठशीत पट्टी किंवा दुकानाचे चिन्ह काचेवर उमटवले, की काम भागते.

पक्ष्यांचे मात्र एवढ्यावर भागत नाही. काचेत पडलेले झाडाचे आणि आकाशाचे प्रतिबिंब पक्ष्याला खरे वाटते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार एकट्या अमेरिकेत वर्षाला ३६ ते ९९ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात. शिकागोत सरोवराकाठी मॅकॉर्मिक प्लेस हे प्रचंड प्रदर्शन केंद्र आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्थलांतराच्या एका रात्री त्याच्या काचांवर आदळून ९०० हून अधिक पक्षी मेले. पुढच्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. इमारत तीच, काच तीच, पक्ष्यांचा मार्गही तोच होता.

आपल्या शास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. व्यवसाय करताना होणारी उद्योगी हिंसा श्रावकाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे आचार्यांनीही मान्य केले आहे. परंतु यत्नाचाराची अट त्यांनी सोडलेली नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यासमोरील लाल मंदिराच्या आवारात आपला समाज पक्ष्यांचे रुग्णालय चालवतो, आणि तिथल्या देणगीची पावती आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. ज्या पेढीवर ती पावती ठेवलेली आहे, तिच्याच निळ्या आरशासारख्या काचेवर बुलबुल आपटत असेल, तर तो दोष काचेचा म्हणता येणार नाही.

सरसकट सर्वांनी धास्तावण्याचे कारण नाही. जुन्या पेठेतल्या अरुंद गल्लीत, समोर झाड नाही, वर शटरची पेटी आणि छज्जा आहे, अशा दुकानाच्या काचेवर पक्षी सहसा येत नाही. धोका आहे तो गावाबाहेरच्या महामार्गालगत, शेताकडे किंवा झाडांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या काचमढ्या शोरूमना. तिथे आरसेदार काच घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती ऊन परतवते हे खरे, पण तेच काम बाहेरच्या झडपाही करतात. घ्यायचीच असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूने, एकमेकांपासून दोन इंचांहून अधिक अंतर नसलेले ठिपके किंवा रेषा असाव्यात. आतून लावलेले ठिपके बाहेरच्या प्रतिबिंबात हरवतात. ससाण्याच्या आकाराचे एकच मोठे स्टिकर लावण्याची पद्धत दिसते, तिचा उपयोग नगण्य. पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आदळतो. रात्री शोरूम बंद केल्यावर आतील दिवे मालवावेत. स्थलांतर करणारे पक्षी उजेडाने भरकटतात, आणि चातुर्मासात काचेवर जमणाऱ्या पाखरांचा खच ज्यांनी सकाळी झाडला आहे, त्यांना याचे दुसरे कारण सांगायला नको.

ठिपक्यांची ही एक ओळ दरपत्रकात काम सुरू होण्यापूर्वीच घालून घ्यावी, कारण परात उतरल्यावर दुसऱ्या मजल्याच्या काचेपर्यंत पोहोचणे हाच मोठा खर्च होऊन बसतो. आणि दाराशी जागरूक माणूस असतो, त्याला एवढे सांगून ठेवावे : काचेवर आपटून पडलेला पक्षी मृत समजून लगेच उचलून टाकू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये. अनेक पक्षी तास-दोन तासांत सावरतात. मग खोके मोकळ्यावर, काचेपासून दूर नेऊन उघडावे.