उमेदवार आणि उमेद

‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत आपल्या कानांवर इतक्या वेळा पडतो, की त्याच्या मूळ अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. शब्द फारशीतून आला. ‘उमेद’ म्हणजे आशा. जो आशा धरून आहे तो उमेदवार. गंमत अशी, की खुद्द इराणात निवडणुकीस उभे राहणाऱ्याला उमेदवार म्हणत नाहीत. तेथे तो ‘नामजद’, म्हणजे ज्याचे नाव पुकारले गेले आहे असा. उमेद धरणारा तेथे निराळाच असतो. तो रांगेत उभा असतो.

हे सारे सुचण्याचे कारण म्हणजे आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातील वादविवाद. निवडणुकीने राज्यकारभार सुधारतो किंवा नाही, असा विषय होता. विरुद्ध बाजूने बोलणाऱ्या एका चुणचुणीत विद्यार्थ्याने इराणचे उदाहरण घेतले. तो म्हणाला, “तेथील तरुणांनी पंचवीस वर्षे मतपेटीपुढे रांगा लावल्या, आणि शेवटी हाती काय आले? भोपळा!” सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी परीक्षकांपैकी एक होतो. वक्तृत्वाचे गुण मी त्याला मोकळ्या हाताने दिले. परंतु त्याचे म्हणणे मला पटले नव्हते, आणि परीक्षकाने वादात पडावयाचे नसते म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. वार्षिकांकात मात्र परीक्षकालाही बोलण्याची मुभा असते.

प्रथम ती रांग लागली कशी, ते पाहू. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणात जी राज्यघटना आली, तिने लोकांना अध्यक्ष व मजलिस म्हणजे विधिमंडळ निवडण्याचा अधिकार दिला. परंतु या दोहोंच्या वर सर्वोच्च धर्मनेत्याचे पद ठेवले, आणि दाराशी ‘शूरा-ए-निगेहबान’ म्हणजे संरक्षक परिषद बसविली. हिचे सभासद बारा. सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेत्याने नेमावयाचे. उरलेले सहा कायदेपंडित न्यायखात्याच्या प्रमुखाने सुचवावयाचे व मजलिसीने निवडावयाचे, आणि तो न्यायखात्याचा प्रमुखही पुन्हा सर्वोच्च नेत्यानेच नेमलेला. मजलिसीने केलेला कायदा या परिषदेच्या संमतीवाचून अमलात येत नसे. निवडणुकीस कोणी उभे राहावे हेही तीच ठरवी. १९९७ साली अध्यक्षपदासाठी २३८ जणांनी नावे नोंदविली, आणि परिषदेच्या चाळणीतून खाली पडले ते चौघे.

त्या चौघांत एक महंमद खातमी होते. हे गृहस्थ पूर्वी सांस्कृतिक खात्याचे मंत्री होते. ग्रंथ व चित्रपट यांच्या बाबतीत फार सैल धोरण ठेवतात अशी टीका झाल्यावर १९९२ साली त्यांनी मंत्रिपद सोडले आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचा कारभार पाहू लागले. ग्रंथपाल अध्यक्ष होईल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. मजलिसीचे सभापती नातेक-नूरी हेच निवडून येणार, असे सर्व जाणते लोक धरून चालले होते.

आता, विद्यार्थिमित्रहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वर्षी इराणात मतदानाचे वय पंधरा होते. म्हणजे आपल्या दहावीच्या वर्गातील बहुतेक सारे तेथे मतदार ठरले असते! (हे वय पुढे, २००७ साली, अठरा करण्यात आले.) क्रांतीनंतर जन्मलेली, शहांचे राज्य न पाहिलेली मुलेमुली त्या वर्षी प्रथमच मतदानकेंद्रांत आली. १९९३ साली जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले होते. २३ मे १९९७ रोजी सुमारे ऐंशी टक्क्यांनी दिले. खातमींना दोन कोटींवर मते पडली. शंभरांत एकोणसत्तर! सभापतिमहाशयांना त्यांच्या निम्मीही मिळाली नाहीत.

चाळणीतून आलेल्या चार नावांतूनही लोकांनी आपले म्हणणे काढले, हे येथे विसरून चालणार नाही. आमच्या वक्त्याने नेमके हेच वगळले. ही सत्ताधाऱ्यांनी वाढलेली खिरापत नव्हती. ताटात जे होते त्यातून तरुणांनी निवडून घेतलेला घास होता.

त्यातून काही मिळाले काय? मिळाले. नवी वृत्तपत्रे निघाली आणि लोक ती सकाळी रांगा लावून विकत घेऊ लागले. ग्रामपंचायती व नगरसभा यांची तरतूद घटनेत पहिल्यापासून होती. वीस वर्षे ती कागदावरच राहिली होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्या निवडणुका प्रथम झाल्या आणि लाखाहून अधिक जागा लोकांनी भरल्या. २००० साली मजलिसीतही सुधारणावाद्यांचे बहुमत झाले. सईद हज्जारियान या त्यांच्या विचारवंताचे एक सूत्र तेव्हा सर्वतोमुखी होते: खालून दाब द्यावा आणि वर बसून घासाघीस करावी. भाजीबाजारात उभ्या राहिलेल्या कोणत्याही गृहिणीला हे राजकारण समजावून सांगावे लागणार नाही.

पण वर बसलेल्याला घासाघीस करावयाचीच नसेल तर? जुलै १९९९ मध्ये ‘सलाम’ हे वृत्तपत्र बंद करण्यात आले; विद्यार्थ्यांनी निषेध केला, तेव्हा रात्री तेहरान विद्यापीठाच्या वसतिगृहावर हल्ला झाला. मार्च २००० मध्ये स्वतः हज्जारियान यांच्यावर भर रस्त्यात गोळी झाडली गेली. ते वाचले, परंतु जन्माचे अपंग झाले. एप्रिलमध्ये काही दिवसांच्या आत डझनाहून अधिक वृत्तपत्रांना टाळे लागले. नव्या मजलिसीने वृत्तपत्रांचा कायदा दुरुस्त करण्यास घेतला, तो सर्वोच्च नेत्याचे पत्र येताच चर्चेतूनच काढून घ्यावा लागला. अध्यक्षांचे अधिकार वाढविणारे व संरक्षक परिषदेची चाळणी सैल करणारे असे दोन कायदे खातमींनी मांडले. मजलिसीने ते संमत केले आणि परिषदेने फेटाळले. ज्याच्या हातातील काठी काढून घ्यावयाची, त्याचीच परवानगी घ्यावी लागत होती.

डिसेंबर २००४ मधील प्रसंग मला या सगळ्या कथेत फार बोलका वाटतो. १९५३ च्या डिसेंबरात तेहरान विद्यापीठात शहांच्या सैनिकांनी तीन विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या होत्या. तो दिवस तेथे विद्यार्थिदिन म्हणून पाळतात. त्या वर्षी विद्यार्थिदिनानिमित्त अध्यक्ष खातमी विद्यापीठात भाषणासाठी गेले. सात वर्षांपूर्वी ज्या वयाच्या मुलांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच वयाच्या मुलांनी त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या आणि तोंडावर जाब विचारला. ऐकून घेण्यावाचून त्यांच्या हाती काही नव्हते. कोणी म्हणेल, हा आशेचा पराभव. मला तर वाटते, राष्ट्राध्यक्षाला समोरासमोर जाब विचारून विद्यार्थी आपापल्या खोलीवर परत जाऊ शकतो, ही सवय त्या सात वर्षांतच लागली होती. तिचे श्रेय त्या हताश गृहस्थाला द्यावयास हवे.

येथवर वक्त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे असे कोणास वाटेल. म्हणून त्याने न सांगितलेली आणखी एक निवडणूक सांगतो. फेब्रुवारी २००३ मध्ये नगरसभांच्या दुसऱ्या निवडणुका झाल्या. या निवडणुकांची छाननी संरक्षक परिषदेकडे नसे, मजलिसीच्या समितीकडे असे. आणि मजलीस तेव्हा सुधारणावाद्यांची होती. परिणामी एरवी ज्यांना दारही दिसले नसते, अशा विरोधकांनाही उभे राहता आले. म्हणजे चाळणीची भोके त्या वेळी सर्वांत मोठी होती. आणि तेहरानात मतदान किती झाले? शंभरांत सुमारे बारा! निराश तरुण घरी बसले. थोड्या पण शिस्तबद्ध मतांनी कडव्या पक्षाने राजधानीची नगरसभा घेतली; त्या सभेने महमूद अहमदीनेजाद या फारशा परिचित नसलेल्या माणसाला महापौर नेमले; आणि दोन वर्षांनी तेच देशाचे अध्यक्ष झाले. घरी बसण्याचीही किंमत असते, आणि ती पुष्कळदा नंतर वसूल होते.

मात्र या एका उदाहरणावर भिस्त ठेवून मी निघून गेलो, तर तो अप्रामाणिकपणा होईल. कारण २००९ साल पुढे उभे आहे. त्या वर्षी तरुण घरी बसले नाहीत. माजी पंतप्रधान मीर हुसेन मूसवी यांच्यासाठी हिरव्या फिती मनगटाला बांधून ते रस्त्यावर आले. सुमारे ८५ टक्के मतदान झाले. १२ जूनचे मतदान संपल्यावर काही तासांतच अहमदीनेजाद सुमारे ६३ टक्के मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. मतपत्रिका हातांनी मोजावयाच्या, आणि त्या जवळजवळ चार कोटी! पुढे खुद्द संरक्षक परिषदेनेच मान्य केले, की पन्नास शहरांत मतदारांच्या संख्येहून मतेच अधिक निघाली. मतदार कोठेही मत देऊ शकतो, असा खुलासाही तिने केला. १५ जून रोजी लाखो लोक तेहरानच्या रस्त्यांवरून मूकपणे चालत गेले. हातांतील फलकांवर तीन शब्द होते: ‘राय-ए-मन कुजास्त?’ माझे मत कोठे आहे? मराठीतील ‘मत’ शब्दाप्रमाणेच फारशीतील ‘राय’चेही दोन अर्थ आहेत, पेटीत टाकावयाचे मत आणि मनात असलेले मत. दोन्हींचा हिशेब ते एकाच प्रश्नात मागत होते. उत्तर लाठ्यांनी, गोळ्यांनी व तुरुंगाने मिळाले. २०११ च्या फेब्रुवारीत मूसवींना स्वतःच्याच घरात स्थानबद्ध करण्यात आले.

एवढे होऊनही २०१३ साली लोक पुन्हा आले आणि हसन रूहानी निवडून आले. ‘तदबीर व उमेद’ हे त्यांचे घोषवाक्य होते. दोन्ही शब्द जुन्या मराठीला परके नाहीत. २०१६ साली ‘उमेद’ नावाच्याच यादीने मजलिसीतील तेहरानच्या तीसच्या तीस जागा जिंकल्या. पण २०१८ साली अमेरिकेने अणुकरार मोडला, इराणी चलन कोसळले, महागाईने घरे पोखरली; आणि त्याच्याही काही महिने आधी तेहरान विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी ओरडले होते, की सुधारणावादी असोत वा सनातनी, तुमची कथा आता संपली. २०२१ साली ५९२ अर्जांपैकी सात मंजूर झाले. बारा वर्षे मजलिसीचे सभापतिपद भूषविलेले लारिजानीही त्या चाळणीत अडकले. मतदान ४८.८ टक्के झाले, आणि बाद मतांची संख्या दुसऱ्या क्रमांकाच्या नामजदाच्या मतांहून अधिक भरली. केंद्रापर्यंत चालत जाऊन मतपत्रिका मुद्दाम वाया घालविणे हा आळस नव्हे. त्याला मी मतच म्हणेन.

पुढील वर्षी, १६ सप्टेंबर २०२२ रोजी, महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी नीतिरक्षक पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, आणि ‘जन, जिंदगी, आजादी’ म्हणजे ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा शाळकरी मुलींच्या तोंडी गेली. त्यांच्या मागण्यांत निवडणुकीचे नावही नव्हते. आपल्याच वयाच्या त्या मुलींनी वर्गांतील भिंतींवरच्या तसबिरी उतरविल्या.

मग परीक्षकाचा निर्णय काय? तो एकाच वाक्यात देता येईल असे मला वाटत नाही. मी तेहरानचा रहिवासी असतो, तर १९९७ साली निश्चितच रांगेत उभा राहिलो असतो. २००३ साली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताला धरून नेले असते. २०२१ साली बहुधा गेलो नसतो. अर्थात हे येथे, पंख्याखाली बसून, मत देण्यासाठी ज्याला शाई लागलेल्या बोटापलीकडे कधी काही द्यावे लागले नाही, अशा माणसाने म्हणणे सोपे आहे. परंतु एवढे खचित म्हणेन, की भोपळा हाती आला तो मत देणाऱ्यांच्या मूर्खपणामुळे नव्हे. पेटीत पडलेले मत ज्यांनी वर पोहोचू दिले नाही, त्यांना वगळून रांगेतल्या मुलाला हसणे म्हणजे चोराला सोडून सावाला फाशी देणे होय. आमचा वक्ता हुशार आहे. पुढल्या वर्षी त्याने दुसऱ्या बाजूने बोलावे, अशी त्याला माझी विनंती आहे.

२०२४ ची गोष्ट राहिली. मे महिन्यात अध्यक्ष रईसी हेलिकॉप्टरच्या अपघातात दगावले आणि अचानक निवडणूक आली. ऐंशी जणांनी नावे दिली, सहा मंजूर झाली, त्यांत सुधारणावादी एकच: हृदयाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मसूद पेझेश्कियान. अमिनीच्या मृत्यूचा खुलासा मागणाऱ्यांत ते होते. २८ जून रोजी पहिली फेरी झाली. सहा कोटींवर मतदारांपैकी अवघ्या चाळीस टक्क्यांनी मत दिले. कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत. दुसऱ्या फेरीत डॉक्टरांच्या समोर कडव्या पक्षाचे सईद जलीली होते. ५ जुलैला, म्हणजे आठवड्याभरातच, पहिल्या फेरीपेक्षा सुमारे साठ लाख लोक अधिक आले, आणि डॉक्टर निवडून आले. त्या साठ लाखांपैकी कित्येकांनी डॉक्टरांवरील विश्वासापेक्षा जलीलींच्या धास्तीने घर सोडले असावे, असा माझा तर्क आहे. उरलेले तीन कोटी त्याही दिवशी आले नाहीत. त्या वर्षी प्रथमच मताधिकार मिळालेली अठरा वर्षांची मुलगी २०२२ च्या शरदात सोळा वर्षांची होती, शाळेत होती. त्या शुक्रवारी ती आईबरोबर केंद्रावर गेली की घरीच राहिली, आणि जेवताना त्या दोघींत काय बोलणे झाले, हे ऐकावयास मिळते तर आमच्या वादविवादाला खरा विषय सापडला असता.