बंद खोलीतला गॅस हीटर

निफाडचा पारा घसरल्याची बातमी छापून आली, की दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या जोडीने एक प्रश्नही येतो. "डॉक्टर, रात्री खोली गरम ठेवायला गॅसचा हीटर घेतला तर चालेल ना? विजेचे बिल परवडत नाही, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही." माझे उत्तर दरवर्षी एकच असते. झोपायच्या खोलीत गॅसचा हीटर नको.

हे उत्तर बहुतेकांना पटत नाही, कारण गॅसला धूर नसतो. पण चुलीचा धूर त्रासदायक असला, तरी तो पहारेकऱ्याचेही काम करतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि माणूस उठून दार उघडतो. गॅसच्या ज्योतीपाशी असे कोणी जागे करायला नसते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत बेशुद्ध सापडले. त्यांत चार लहान मुले होती. बाहेर कडाक्याची थंडी, दारे-खिडक्या आतून बंद आणि खोलीत गॅसचा हीटर. आठांपैकी एकही वाचला नाही.

हे कसे घडते ते समजून घेऊ. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा-तेरा घनमीटर हवा लागते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सारी मिळून अठ्ठावीस घनमीटर हवा मावते, आणि तीच हवा झोपलेल्या माणसांनाही हवी असते. हवेतला प्राणवायू कमी होऊ लागला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. त्यावर विसंबून लोक म्हणतात, "वास आला की बंद करू." पण तो वास न जळलेल्या गॅसचा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. जागा असलेला माणूस यावरून सावध होऊ शकतो. झोपलेला मात्र झोपेतच बेशुद्ध होतो.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. एका आजींनी मला सुनावले, "आमची चार बाळंतपणे शेगडीवरच झाली, कुठे काय झाले?" आजींचे म्हणणे खोटे नाही. पण ती बाळंतपणे झाली कौलारू घरात. कौलांच्या फटींतून चांदणे दिसायचे, दाराखालून वारा यायचा. आता वर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत चादर खोचलेली. अशा खोलीत शेगडी काय नि गॅसचा हीटर काय, दोन्ही घातकच. कोळशाची शेगडी तर विझत आली तरी हा वायू सोडत राहते. बाळाला ऊब द्यायची तर टोपी, मोजे घाला आणि त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांवर पांघरूण घ्या. आईच्या अंगाइतकी चांगली ऊब कोणत्याही यंत्रात नाही.

दुकानदार सांगतात, "यात सेन्सर आहे, आपोआप बंद होतो." काही हीटरमध्ये प्राणवायू घटला की गॅस तोडणारी सोय असते, हे खरे. पण असे उपकरण वर्षानुवर्षे न तपासता वापरायचे आणि त्याच्या भरवशावर चार जीव झोपवायचे, हे मला मान्य नाही. जळालेला वायू नळीने थेट घराबाहेर सोडणारा हीटर असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे मिळणाऱ्या चाकांवरच्या हीटरना अशी नळी नसते. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हाच नियम लावा. तो बाहेर बसवा.

आपल्याकडची मंडळी हल्ली हिवाळ्यात काश्मीर, हिमाचलला हौसेने जातात. तिथल्या लॉजवाल्याने प्रेमाने खोलीत गॅसचा हीटर आणून ठेवला, तर तितक्याच प्रेमाने परत पाठवा आणि दोन रजया जास्त मागा. खरे तर लॉजवाल्यांवर याबाबत सक्ती हवी. पाहुण्याने थंडीत कुडकुडत या साऱ्याची चौकशी करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर जेवण बाधले असे समजू नका. आधी दारे-खिडक्या उघडा, हीटर बंद करा, सर्वांना बाहेर काढा. कोणी बेशुद्ध असेल तर नाकाशी कांदा धरण्यात वेळ घालवू नका, थेट ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि तो खुशाल अठ्ठ्याण्णव दाखवतो. म्हणून तो आकडा पाहून घरी थांबू नका, आणि रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना सांगा, की बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळत होता.