कंपनीच्या पिकनिकहून लेक गप्प होऊन आली तर

पावसाळा लागला की शनिवारी सकाळी ताथवड्यात कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या दिसतात. लोणावळा, मुळशी, पवना धरण. आपल्या वस्तीतली मुलंमुलीही त्यात असतात. कुणी कंत्राटी, कुणी ट्रेनी, कुणी हाउसकीपिंगला. वर्षभर मान मोडून काम करणाऱ्यांना एक मोकळा दिवस मिळायलाच हवा.

पण वर्षभर मनात दाबलेलं त्याच दिवशी बाहेर येतं. शिफ्टवरून धुसफूस, बढतीचा राग, कुणाचं कुणावर बसलेलं मन. त्यात दारू आली की तोल सुटतो.

शेजारची एक मुलगी अशाच पिकनिकहून आली ती गप्प. जेवण जाईना, झोप लागेना, सोमवार आला की पोटात कळ. दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. दोन आठवड्यांनी ती बोलली. सुपरवायझरनं नाचताना हात धरून ओढलं, परतताना शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्याच हातात आहे." घरच्यांनी काय ठरवलं? नोकरी सोड. चूक त्याची, पगार गेला हिचा. दुखणं मात्र तसंच राहिलं.

हे मला पटत नाही. पिकनिक म्हणजे नियमांना सुट्टी नव्हे. राजस्थानच्या भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला, तो बालविवाह रोखण्याचं काम त्या करत होत्या म्हणून. त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३ चा कायदा आला. या कायद्यानं कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीनं दिलेली गाडीसुद्धा कामाचंच ठिकाण मानली आहे. कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी, सगळ्या स्त्रिया त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागी, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची आहे.

प्रेमाला माझा विरोध नाही. आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. दोन सज्ञान माणसांचं जमलं तर घरानं कपाळाला आठ्या घालू नयेत. प्रश्न एवढाच विचारावा: नाही म्हटलं तर तिची नोकरी सुरक्षित राहते का? राहत नसेल तर ते प्रेम नव्हे, दडपण आहे.

हे मुलांनाही सांगायला हवं. पाचवं शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. ते बसमध्ये बसल्यावरही लागू असतं. नकार मिळाला तर तिथंच थांबायचं. मागे लागायचं नाही, ग्रुपवर फोटो टाकून बदनामी करायची नाही. आणि नकारानं मुलगा खचला असेल तर त्याचीही चेष्टा करू नका.

लेक गप्प असेल तर आधी ऐका. "तू गेलीसच कशाला?" हा प्रश्न गिळून टाका. तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे वहीत लिहून ठेवा. मेसेज पुसू नका. झोप, भूक दोन आठवडे परतली नाही तर डॉक्टरांना खरं कारण सांगा. मन मोकळं करायला १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक मोफत आहे. नोकरी सोडायची की लढायचं हे तिला ठरवू द्या, आणि ती समितीपुढे जाईल तेव्हा तिच्यासोबत चला.