विचारणारे कोणी नसले की

पंचायत समितीची मासिक सभा बाहेरून पाहणाऱ्याला रटाळ वाटते. मध्ये सभापती, शेजारी सचिव म्हणून गटविकास अधिकारी, समोर सदस्य आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर मांडीवर फायली घेऊन बसलेले खातेप्रमुख. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम होते आणि मग एकेका खात्याचा आढावा सुरू होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडसारख्या तालुक्यात पावसाळ्यातल्या सभेचे विषयही ठरलेले असतात. ताम्रपर्णीचे पाणी पुलावर आले की कोणत्या गावांची वाट तुटते, कोणत्या शाळेचे कौल उडाले, कोणत्या उपकेंद्रात परिचारिका नाही, पाणी योजनेची मोटार कधीपासून जळून पडली आहे. सदस्य उभा राहून विचारतो. संबंधित अधिकारी उभा राहून उत्तर देतो. उत्तर पटले नाही तर सदस्य पुन्हा विचारतो आणि जे ठरले ते इतिवृत्तात लिहिले जाते. महिन्याभराने त्याच ओळीवर बोट ठेवून तोच सदस्य विचारू शकतो, ‘याचे काय झाले?’

मार्च २०२२ मध्ये हे सभागृह रिकामे झाले. सदस्यांची पाच वर्षांची मुदत संपली आणि नवी निवडणूक झाली नाही. पंचायत समितीचा कारभार प्रशासक म्हणून गटविकास अधिकाऱ्यांकडे गेला, जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. कोल्हापूर महानगरपालिकेची मुदत तर त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. तिथे आयुक्तच प्रशासक झाले. जिल्हा परिषदेच्या मतदानासाठी २०२६ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. म्हणजे जवळपास चार वर्षे चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरून निवडून आलेला एकही माणूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सभागृहात बसलेला नव्हता.

या काळात कामे थांबली नाहीत. रस्ते झाले, बिले निघाली, बदल्या झाल्या, योजनांची उद्दिष्टे पूर्ण झाल्याचे अहवाल वर गेले. अनेक अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे काम केले हेही मान्य केले पाहिजे. दोष माणसांचा नाही, रचनेचा आहे. प्रस्ताव तयार करणारा, त्याला मंजुरी देणारा, काम करून घेणारा आणि ते नीट झाले का हे तपासणारा, अशा चारही जागी एकच कार्यालय आले. गटविकास अधिकारी सचिव म्हणून जो विषय सभेपुढे ठेवणार, तोच विषय प्रशासक म्हणून मंजूर करणार. ठराव कागदावर होत राहिले, त्यावर प्रश्न विचारणारा आवाज तेवढा गेला.

राज्यघटनेला हे अपेक्षित नव्हते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. अनुच्छेद २४३-ई म्हणतो की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शहरी संस्थांबाबतची अशीच तरतूद बंधनकारक असल्याचे बजावले होते. मग महाराष्ट्रात ती वाकली कशी?

सुरुवात एका खऱ्या प्रश्नापासून झाली. विकास किशनराव गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी निकाल दिला आणि स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या : स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली माहिती आणि एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा. ही माहिती राज्याकडे तयार नव्हती. ओबीसींचे प्रतिनिधित्व बुडवून निवडणूक घेऊ नये, ही भावना सर्व पक्षांत होती आणि ती रास्तही होती. पण त्या रास्त भावनेच्या आडोशाने दुसरेच काही घडले. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा बदलला आणि प्रभागरचनेचा जो अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे होता, तो सरकारकडे घेतला. तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने या संस्थांची सदस्यसंख्या वाढवली होती. जुलैमध्ये ओबीसींची माहिती गोळा करणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला आणि ओबीसी आरक्षणाची वाट मोकळी झाली. तेवढ्यात सत्तेवर आलेल्या शिंदे-फडणवीस सरकारने सदस्यसंख्या पुन्हा पूर्ववत केली. वाद पुन्हा न्यायालयात गेला, ‘परिस्थिती जैसे थे ठेवा’ असा आदेश ऑगस्ट २०२२ मध्ये झाला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या.

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. तेही जमले नाही. सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. चंदगड नगरपंचायतीसाठी मतदानाची तारीख ठरली ती २ डिसेंबर २०२५, कोल्हापूर महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६. यात एका पक्षाला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. या काळात राज्यात दोन आघाड्यांची सरकारे येऊन गेली आणि मंत्रालयातून जिल्हा चालवणे दोघांनाही सोयीचे वाटले. सभागृह नसले की निधी कुठल्या गावाला द्यायचा हे पालकमंत्री, आमदार आणि अधिकारी यांच्यात ठरते. तिथे विरोधी सदस्य नसतो आणि इतिवृत्तही नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. लोकशाहीतले कार्यकारी मंडळ स्थिर हवे आणि जबाबदारही हवे. दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात मिळत नसतील तर जबाबदारीला झुकते माप द्यायचे, असा मसुद्याचा कल असल्याचे त्यांनी सांगितले. ही जबाबदारी दोन वेळा मोजली जाते, असे त्यांचे विवेचन होते. एक मोजणी निवडणुकीत, मतदार करतात ती. दुसरी रोजची, सभागृहातले सदस्य प्रश्न, ठराव आणि चर्चेतून करतात ती. या रोजच्या मोजणीला त्यांनी अधिक परिणामकारक मानले आणि अमेरिकी पद्धतीपेक्षा संसदीय पद्धत का निवडली, याचे ते एक मोठे कारण सांगितले.

चंदगडच्या पंचायत समितीत या चार वर्षांत यातली एकही मोजणी झाली नाही.

कोल्हापूर शहरात राहणाऱ्याला याची झळ कदाचित तेवढी लागली नसेल. आयुक्तांचे कार्यालय तिथेच, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या तिथेच, आंदोलनाची परंपरा तिथलीच. चंदगड मात्र जिल्ह्याच्या टोकाला, कोल्हापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. पारगडच्या बाजूच्या माणसाला जिल्हा परिषदेत एक अर्ज द्यायचा तर पहाटेची एसटी धरावी लागते आणि साहेब दौऱ्यावर असतील तर तसेच परतावे लागते. गटातून निवडून आलेला सदस्य म्हणजे या माणसासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवलेले पाऊल असते. तो सदस्य आळशी असेल, ठेकेदारांच्या गोतावळ्यातला असेल, तरी त्याच्या दारात जाऊन त्याला चारचौघांत बोलता येते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना तसे बोलता येत नाही आणि पुढच्या वर्षी ते या जिल्ह्यात असतीलच असे नाही.

याच काळात जिल्ह्यावर आणखी एक मोठा आदेश आला. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग : वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. २०२४ च्या सुरुवातीला भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या आणि शिरोळपासून आजऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांना आपली जमीन नकाशावर दिसली. विरोध पेटला. विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यापुरती ही अधिसूचना रद्द झाली. निवडणूक पार पडली, सरकार आले आणि २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने महामार्गाला मान्यता देऊन भूसंपादन व पूर्वतयारीसाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. चंदगडचे आमदार शिवाजी पाटील यांनी मग हा रस्ता चंदगड तालुक्यातून न्यावा अशी मागणी केली आणि इथल्या गावांतही बाजूने आणि विरोधात बोलणारे दोन्ही उभे राहिले.

रस्ता हवा की नको, यावर मतभेद असणारच. काजू आणि ऊस पिकवणाऱ्या, पावसाळ्यात तुटून पडणाऱ्या तालुक्याला चांगल्या रस्त्याची ओढ असणे चुकीचे नाही. दोन एकरांवर जगणाऱ्याने ते दोन एकर सोडायला नकार देणेही चुकीचे नाही. प्रश्न निर्णय कसा होतो हा आहे. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी सांगितली आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्यात १०५-ए हे कलम घालून राज्याच्या महामार्ग अधिनियमाखालचे संपादन या प्रक्रियेतून वगळले. शेतकऱ्याच्या हाती राहिली ती फक्त हरकत नोंदवण्याची मुदत. ती हरकत ऐकणारा अधिकारीही सरकारचाच. जिल्हा परिषदेचे सभागृह भरलेले असते तर तिथे या विषयावर ठराव आला असता, बाजूचे आणि विरोधातले सदस्य नावानिशी बोलले असते आणि कोण काय म्हणाले ते लिहिलेले राहिले असते. तसे काहीच झाले नाही.

चंदगडला नकाशावरच्या रेषांचे मोल वेगळे सांगायला नको. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्या रेषेने सीमाभागातल्या मराठी माणसावर केलेला अन्याय अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. तरी त्या रेषेआधी आयोग बसला होता, निवेदने घेतली गेली होती, संसदेत विधेयकावर चर्चा झाली होती. म्हणूनच आज सत्तर वर्षांनीही कोणी काय मागितले आणि काय नाकारले गेले याचा हिशेब मांडता येतो.

प्रशासकांच्या बाजूचा युक्तिवादही ऐकला पाहिजे, कारण तो चंदगडच्या बाजारपेठेत रोज ऐकू येतो. सदस्य आले की टक्केवारी आली, बदल्यांत हात आला, एका गल्लीच्या दोन टोकांना दोन उद्घाटने आली. त्यापेक्षा साहेब बरे. या तक्रारीत तथ्य आहे. पण भ्रष्ट सदस्याला पाच वर्षांनी घरी पाठवता येते, त्याच्यावर शेजारच्या गणातला विरोधक नजर ठेवून असतो. आदेशाने चालणाऱ्या कारभारात गैरव्यवहार झाला तर तो कळणार कोणाला आणि किती वर्षांनी?

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळात सिमेंट नियंत्रित होते आणि ते कोणाला द्यायचे हे सरकार ठरवत असे. सिमेंटचे वाटप आणि अंतुलेंनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाने जोडला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुलेंना पायउतार व्हावे लागले. त्याआधी वृत्तपत्राने ते उघडे पाडले होते आणि विरोधकांनी न्यायालयात नेले होते. दुसरे उदाहरण पुण्याचे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे राजपत्र चाळून दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश काढून ते विधिमंडळापुढे न नेता पुनःपुन्हा जारी केले जात होते. काही तर दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत ठेवले गेले. १९८६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेशी केलेला कपटव्यवहार ठरवला. दोन्ही ठिकाणी सत्तेला लगाम बसला तो बाहेरून कोणीतरी कागद मागितल्यामुळे. पण न्यायालयाचा लगाम उशिरा बसतो. चंदगडच्या सदस्यांची संपूर्ण एक मुदत संपत आली तेव्हा कुठे निवडणुकीचा आदेश पाळला गेला.

म्हणून पुन्हा अशी वेळ येऊ नये यासाठी कायद्यातच तरतूद हवी. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत गेला पाहिजे. ज्याला निवडणुकीला सामोरे जायचे आहे, त्यानेच मतदारसंघाच्या सीमा आखणे योग्य नाही. प्रशासकाची मुदत सहा महिन्यांपलीकडे नेऊ नये. तेवढ्या काळातही त्याने दरमहा खुली सभा घ्यावी, तालुक्यातल्या सरपंचांना प्रश्न विचारू द्यावेत आणि मंजूर केलेला प्रत्येक ठराव आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. महामार्गासारख्या प्रकल्पात अधिसूचनेआधी ग्रामसभेपुढे नकाशा ठेवणे बंधनकारक व्हावे आणि ग्रामसभेचा ठराव फेटाळायचा तर त्याची कारणे लेखी द्यावीत. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

चंदगडच्या मतदारांसाठीही काम आहे. पंचायत समितीच्या पहिल्या काही मासिक सभांत आपल्या गणाच्या सदस्याने एकच मागणी लावून धरावी, यासाठी त्याच्या पाठी लागावे. मार्च २०२२ पासून प्रशासकांनी मंजूर केलेल्या प्रत्येक ठरावाची, प्रत्येक कामाची आणि प्रत्येक बिलाची यादी गावनिहाय सभागृहापुढे ठेवावी आणि तिची नोंद इतिवृत्तात व्हावी. सदस्य टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो.