विमान घ्या, पण वेळेवर पोचायला नको

दोन आठवड्यांपूर्वी एका मित्राचा फोन आला. "लायसन्स झालं रे! आता दोन महिन्यांत विमान घेतोय." आवाजात तोच आनंद, जो कॉलेजात पहिली बुलेट घेणाऱ्याच्या आवाजात असायचा. मी मनापासून अभिनंदन केलं. रात्री त्याची एक्सेल शीट आली. (तोही आपल्यातलाच, सॉफ्टवेअरवाला. शीट केल्याशिवाय निर्णय घेणं आपल्याला पाप वाटतं.) हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, इंधन, सगळं नीट मांडलेलं. आणि अगदी शेवटी, हिरव्या रंगात एक रकाना: 'वाचलेला वेळ'.

माझं भांडण त्या एका रकान्याशी आहे.

आधी एक खुलासा. 'स्वतःचं विमान' म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर अंबानींचं जेट येतं. इथे विषय तो नाही. अमेरिकेत चाळीस-पन्नास वर्षं जुनं, चार सीटचं, एका पंख्याचं विमान नोकरदार माणूस महागड्या गाडीच्या किमतीत घेऊ शकतो. आम्ही तिघांनी मिळून घेतलंय, १९७८ सालचं सेस्ना १७२. १६० हॉर्सपॉवर, वेग ताशी दोनशे किलोमीटर. आतून जुन्या फियाटसारखा वास येतो. मला ते प्रचंड आवडतं. तेव्हा 'विमान घेऊ नका' असं मी म्हणतच नाहीये. 'वेळ वाचवायला घेऊ नका' असं म्हणतोय. दोन्हींत जीवन-मरणाचा फरक आहे, आणि हा वाक्प्रचार नाही.

आता त्याचा हिशोब बघा. पालो आल्टोहून टाहोजवळच्या ट्रकीला गाडीने चार तास, विमानाने दीड. वाचले अडीच! पण घरापासून विमानतळ अर्धा तास. तपासणी आणि इंधन पाऊण तास. पोचल्यावर विमान दोरांनी बांधून भाड्याची गाडी हातात येईपर्यंत आणखी पाऊण तास. झाले साडेतीन. वाचला अर्धा तास, तोही आकाश निरभ्र असेल तर.

बरं, अर्धा तास तर अर्धा तास. एवढ्यावर मी निबंध लिहिला नसता. पण 'वेळ वाचतो' हे कारण एकदा घरी, मित्रांना आणि स्वतःला पटवून दिलं की पुढे प्रत्येक वेळी ते सिद्ध करावं लागतं. आणि ते सिद्ध करण्याच्या नादात माणसं मरतात.

मी कसा मेलो नाही ते सांगतो.

जुलैचा रविवार, ट्रकी, दुपारचे तीन. मी, बायको आणि एक सहकारी. सोमवारी सकाळी नऊला त्याचा क्लायंटसमोर डेमो. "आपण विमानाने जाऊ, संध्याकाळपर्यंत घरी" असं मोठ्या तोऱ्यात मीच सांगितलेलं. ट्रकीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५,९०० फुटांवर आहे. त्या दिवशी तापमान तीस अंश. गरम हवा विरळ असते, त्यामुळे विमानाच्या लेखी आपण सुमारे ९,००० फुटांवर उभे असतो. पंखांना हवा कमी, पंख्याला कमी, इंजिनालाही कमी. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत मार्क मिळाले होते. वजन कमाल मर्यादेच्या आत होतं, जेमतेम. मॅन्युअलमधला तक्ता म्हणत होता की मिनिटाला तीनशे फूट वर जाल. तक्ता शांत हवेचा असतो, दुपारच्या सिएरा पर्वतातल्या हवेचा नाही.

मी म्हटलं, "संध्याकाळी गार झाल्यावर निघू या का?" तो काही बोलला नाही, फक्त घड्याळाकडे बघितलं. बस, तेवढं पुरलं. नंतर निघालो तर डोंगरांवर अंधार होणार, आणि अंधारात डोंगर ओलांडायचे नाहीत हा माझा नियम. म्हणजे आत्ता नाहीतर उद्या. मी 'आत्ता' म्हटलं.

धावपट्टी सात हजार फुटांची, म्हणून जमिनीवरून सुटलो. दोनशे फूट प्रति मिनिट. मग शंभर. मग हवेचा झोत खाली आला आणि काटा शून्यावर. समोर झाडं, झाडांमागे डोंगर. नाक वर उचलावंसं वाटतं, आणि उचललं की वेग जाऊन विमान कोसळतं. हात थरथरत होते. सावकाश दरीकडे वळलो, सखल भागावर एक फेरी मारली आणि परत उतरलो. सगळा मिळून सहा मिनिटांचा प्रवास. बायको उतरली आणि विमानाच्या चाकाला टेकून खालीच बसली. कुणीच काही बोललं नाही.

आता यातला विनोद बघा. आम्ही गाडी भाड्याने घेतली. रात्री नऊला घरी. डेमो नऊला झाला, चांगला झाला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी तिघांचे जीव पणाला लावले, ती गोष्ट शंभरेक डॉलरच्या भाड्याच्या गाडीत अख्खा वेळ उपलब्ध होती! पुढच्या शनिवारी मी कॅलिफोर्निया झेफिर आगगाडीने ट्रकीला गेलो आणि रविवारी सकाळी सातला एकटा उडालो. गार हवा, हलकं विमान. पाखरासारखं वर गेलं.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं नाही. एप्रिल १९९६ मध्ये जेसिका डब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी वडील आणि प्रशिक्षकाबरोबर छोट्या सेस्नात अमेरिका पार करायला निघाली होती. विक्रम करायचा होता, जागोजागी पत्रकार थांबलेले. वायोमिंगमधल्या शायेनला समोर वादळ येत असताना, जास्त वजन घेऊन, सहा हजार फुटांवरच्या धावपट्टीवरून ते उडाले आणि लगेच कोसळले. तिघंही गेले. एनटीएसबीच्या अहवालात प्रशिक्षकाचा उड्डाणाचा निर्णय चुकल्याचं आहेच, पण त्या निर्णयाला हातभार लावणारी गोष्टही लिहिली आहे: अवास्तव वेळापत्रक पाळायची इच्छा, आणि त्यामागे काही अंशी माध्यमांना दिलेले शब्द. अपघाताच्या अहवालात चक्क वेळापत्रक! जुलै १९९९ मध्ये जॉन केनेडी ज्युनियर धुरकट हवेत, रात्री, पाण्यावरून पायपर साराटोगा घेऊन निघाला. इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न होतं. विमानात बिघाड सापडला नाही. वर-खाली कुठे हेच त्याला कळेनासं झालं होतं. सोबत बायको आणि मेहुणी होत्या.

'आपल्याला कळेल की!' असं वाटत असेल तर इलिनॉय विद्यापीठाचा १९५४ चा प्रयोग ऐका. उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत टाकलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत, मॅगीलाही जास्त लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं: छोट्या विमानाच्या मालकाचं सर्वांत मोठं कौशल्य म्हणजे लँडिंग नव्हे, तर 'आज नाही' म्हणणं. आणि ते मनाच्या निग्रहावर सोडू नका. ते पैशात आणि व्यवस्थेत आधीच बांधून ठेवा. माझे नियम देतो, सगळे त्याच एका कामासाठी आहेत.

१. एकट्याने घेऊ नका. समजा स्थिर खर्च वर्षाला ९,००० डॉलर आहे आणि तुम्ही ५० तास उडता. म्हणजे इंधनाआधीच तासाला १८० डॉलर. हा आकडा डोक्यात बसला की प्रत्येक रद्द केलेली फेरी खिशाला चावते. तिघांत वाटलात की चावा कमी. करार मात्र लेखी करा: बाहेर कसं पडायचं, इंजिनासाठी ताशी किती बाजूला टाकायचे (आमच्या इंजिनाची आयुमर्यादा २,००० तास आहे), आणि विम्यात तिघांचीही नावं.

२. विकत घेण्यापूर्वीची तपासणी अशा मेकॅनिककडून करा, ज्याने त्या विमानाला आजवर हात लावलेला नाही. लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचा. विमान जमिनीवर ठेवणं परवडेल इतपतच महाग घ्या.

३. दर आठवड्याला उडा, कुठेही न जाता. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान पडून राहिलं की तेल निथळून जातं आणि गंज चढतो. नुसतं जमिनीवर इंजिन फिरवून उपयोग नाही, ते पुरेसं तापत नाही आणि आत पाणी साठतं. शिवाय तुम्हालाही गंज चढतो. कायदा म्हणतो, प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग पुरे. कायदा फार दयाळू आहे.

४. चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत. आमच्या विमानात साधारण ३८५ किलो चढवता येतं. टाक्या भरल्या की १०९ किलो इंधनाचे गेले. उरले २७६, म्हणजे सामानासकट माणशी ६९ किलो. आपल्यापैकी किती जण सामानाशिवाय तरी बसतील? आम्ही दोघं किंवा तिघं, बस.

५. नियमाप्रमाणे दिवसा अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक ठेवायचं. मी एक तासाचं ठेवतो. काट्यावर विश्वास नाही, पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवून बघायचं.

६. वार्षिक तपासणीनंतरच्या आठवड्यात प्रवास ठरवू नका. उघडलेली गोष्ट परत जोडताना चुका होतात, हे रिलीज करणाऱ्यांना मी काय सांगू! पहिला तास एकट्याने, दिवसा, विमानतळाच्या डोक्यावर.

७. सर्वांत महत्त्वाचं. परतीची दुसरी सोय निघण्यापूर्वीच करून ठेवा: पैसे परत मिळणारं तिकीट, नाहीतर भाड्याच्या गाडीचे आणि हॉटेलचे पैसे वेगळे. आमच्या तिघांच्या खात्यात त्याला स्वतंत्र रक्कम आहे. आणि प्रवाशांना आधीच सांगा, "सोमवारी सकाळी काम असेल तर माझ्याबरोबर येऊ नका." एफएए उड्डाणाआधी चार धोके तपासायला शिकवते: पायलट, विमान, परिस्थिती आणि बाहेरचा दबाव. पहिल्या तिन्हींची यादी सगळे तपासतात. चौथा मागच्या सीटवर घड्याळ बघत बसलेला असतो.

आता लोक म्हणतील, "इन्स्ट्रुमेंट रेटिंग काढा की!" जरूर काढा. मीही करतोय. साध्या ढगांचे दिवस त्याने सुटतात. पण आमच्या विमानाच्या पंखावर साचलेला बर्फ काढायची सोय नाही, आणि वादळ कुणाचं सर्टिफिकेट वाचत नाही. "मग सायरस घ्या, त्याला पॅराशूट असतं." असतं, आणि त्याने जीव वाचलेत. पण पॅराशूट आहे म्हणून जो एरवी उडाला नसता तो उडाला, तर हिशोब तिथेच आला. वेगवान विमान घेतलेला माणूस लांबचे आणि पक्के शब्द द्यायला लागतो. बोनान्झाला 'डॉक्टर किलर' हे टोपणनाव उगाच नाही पडलं. पैसा होता, हुशारी होती, आणि सोमवारची ओपीडी होती.

मित्राला मी शीट परत पाठवली. 'वाचलेला वेळ' हा रकाना उडवला आणि त्या जागी नवीन टाकला: 'रद्द केलेल्या फेऱ्या'. वर्षाअखेरीला तिथे शून्य दिसलं तर विमान विकून टाक, असं लिहिलं.

त्याचं अजून उत्तर आलेलं नाही. रागावला असेल. चालेल. रागावलेला मित्र फोन करू शकतो.