गोंदण पुसावें कीं ठेवावें?

मनुष्य मेला म्हणजे सोनेंनाणें, घरदार, शेतीवाडी सर्व येथेंच राहतें. बरोबर येतें तें केवळ अंगावरचें गोंदण, अशी आपल्या बायाबापड्यांची जुनी समजूत आहे. रावेर तालुक्यांतील कोणत्याही गांवीं वयोवृद्ध आजीबाईंचे हात पाहिले तर ह्या समजुतीची साक्ष पटते. भुवयांच्या मध्यें एक ठिपका, हनुवटीवर दुसरा, मनगटावर तुळस, कोपराखालीं विंचू अथवा देवाचें नांव, असा हा कायमचा दागिना असतो. परंतु अलीकडे ह्याच भागांतून उलट प्रश्न ऐकूं येऊं लागला आहे. शिकावयास जळगांव-पुण्यास गेलेली मुलगी विचारते, "कपाळावरचा हा ठिपका जाईल का?" सैन्यांत भरती होऊं पाहणारा मुलगा विचारतो, "दंडावरचें हें नांव कसें काढावें?" जें मरणापलीकडेही सोबत करील असें मानलें, तें जिवंतपणींच कसें पुसावें, हा प्रश्न आज हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाहीं. त्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मिळून करावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

गोंदण दोन प्रकारचें असतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. जुनें गोंदण गोंदणारणीच्या हातचें. ती दिव्याची काजळी पाण्यांत किंवा पाल्याच्या रसांत कालवी, दोनतीन सुया एकत्र बांधी, आणि पोरीचें लक्ष दुसरीकडे वेधावें म्हणून गाणें म्हणत म्हणत टोंचीत जाई. पोर लहान असे. तिची इच्छा बहुधा कोणी विचारीत नसे. नवें गोंदण यंत्राचें. बाजारांत, यात्रेंत अथवा शहरांतील दुकानांत विजेच्या सुईनें थोड्या वेळांत नांव उमटतें. येथें इच्छा मुलाची स्वतःची असते खरी. पण ती किती दिवस टिकणारी असते? कोणी मित्राचें नांव गोंदवितो, कोणी आवडत्या नटाचें. वर्ष-दोन वर्षांत मैत्री आटते, नट मागें पडतो, आणि अक्षरें मात्र जेथल्या तेथें राहतात.

तीं राहतात कां, हें समजून घेण्याजोगें आहे. आपली वरची कातडी सारखी झडत असते व खालून नवी येत असते. म्हणून हातावर शाईनें लिहिलेलें चार दिवसांत जातें. गोंदणाची सुई ह्या वरच्या थराच्या खालीं, जेथें कातडी झडत नाहीं अशा आंतल्या थरांत रंग पोंचविते. शरीर त्या रंगाला परका समजतें. रक्षणाचें काम करणाऱ्या मोठ्या पेशी, ज्यांस मॅक्रोफेज म्हणतात, त्या रंगाचे कण गिळतात. पण पचवूं शकत नाहींत. १८ व्या सालच्या मार्सेय येथील संशोधनांत, म्हणजे २०१८ सालीं, उंदरांवरील प्रयोगांतून असें दिसून आलें कीं, अशी पेशी मेली म्हणजे तिच्यांतून सुटलेला रंग शेजारची नवी पेशी पुन्हां गिळते. पहारेकरी बदलतात, पण कैदी तोच राहतो. गोंदण वर्षानुवर्षें टिकतें तें ह्यामुळें.

आतां गोंदण काढण्याचे जे उपाय लोक करितात, त्यांचा विचार करूं. सर्वांत स्वस्त व सर्वांत वाईट उपाय घरगुती होत. चुना व धुण्याचा सोडा एकत्र करून लावणें, बिब्ब्याचें तेल चोपडणें, तेजाबाचा बोळा फिरविणें, तापल्या लोखंडाचा चटका देणें, मिठानें किंवा खरखरीत दगडानें घासणें, अशा युक्त्या मुलें एकमेकांस सांगतात. ह्यांतील मिठानें घासण्याची युक्ति नवी नव्हे. सहाव्या शतकांतील एटियस नांवाच्या ग्रीक वैद्यानेंही ती लिहून ठेविली आहे. पण जुनी म्हणून ती चांगली ठरत नाहीं. चुना व सोडा मिळून जें तयार होतें तें कातडी जाळणारें असतें. बिब्बा तर परिटाच्या खुणेसाठीं प्रसिद्ध; कापडावरची त्याची खूण जशी जात नाहीं तशी कातडीवरची जखमही लवकर भरत नाहीं. रंग खोल असतो, म्हणून त्याच्यापर्यंत पोंचावयाचें तर वरची सगळी कातडी मारावी लागते. शेवटीं नांव जातें किंवा अर्धवट राहतें, आणि त्याच्या जागीं जन्मभराचा वण येतो. कांहींच्या अंगावर हा वण फुगून गांठीसारखा वाढतो. नांव झांकतां तरी येतें. वणाची आठवण झांकतां येत नाहीं.

दुसरा उपाय शस्त्रक्रियेचा. गोंदण लहान असेल, तर तेवढी कातडी कापून कडा शिवून टाकतात. एका बैठकींत काम होतें, पण टांक्यांची रेघ राहते; मोठ्या गोंदणास हा उपाय लागू पडत नाहीं. तिसरा उपाय जुन्या आकृतीवर नवी, अधिक गडद आकृति गोंदविण्याचा. तो खरें पाहतां काढण्याचा नव्हेच. एका कर्जाची फेड दुसरें कर्ज काढून करण्यासारखा तो आहे.

चौथा व आजचा शास्त्रीय उपाय लेसर किरणांचा. १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन ह्यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर तयार केला, आणि त्याच दशकांत लिऑन गोल्डमन ह्या त्वचावैद्यांनीं त्याचा प्रयोग गोंदणावर केला. पुढें १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं त्यामागील तत्त्व नीट मांडलें. तें असें कीं, प्रत्येक रंग विशिष्ट जातीचा प्रकाश अधिक शोषून घेतो. तोच प्रकाश अत्यंत थोडा वेळ सोडला तर रंगाचे कण तापून फुटतात आणि भोंवतालची कातडी बव्हंशीं वांचते. हा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो. फुटलेले बारीक कण मग शरीर हळूहळू वाहून नेतें. म्हणजे लेसर गोंदण पुसत नाहीं. तो त्याचे तुकडे करितो, व झाडलोट शरीरच करितें. म्हणूनच एका बैठकीनें काम होत नाहीं, आणि दोन बैठकींमध्यें सहा ते आठ आठवडे थांबावें लागतें.

आपल्या लोकांनीं ह्यांतील कांहीं गोष्टी विशेष जाणल्या पाहिजेत. काळा रंग सर्व रंगांत लवकर निघतो. म्हणून आजीबाईंच्या काजळीचें साधें गोंदण, दुकानांतल्या दाट व रंगीबेरंगी गोंदणापेक्षां बहुधा थोड्या बैठकींत फिकट होतें. हिरवा व पिवळा रंग हट्टी असतात. आपली कातडी सांवळी. तिच्यांतला नैसर्गिक रंगही प्रकाश शोषून घेतो, म्हणून अननुभवी हातांत त्या जागीं पांढरा किंवा काळसर डाग पडण्याचें भय असतें. सांवळ्या कातडीस १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लेसर त्यांतल्या त्यांत सुरक्षित समजतात. उपचाराच्या काळांत ती जागा उन्हापासून जपावी लागते. खानदेशच्या वैशाखांत केळीच्या बागेंत राबणाऱ्या मुलानें हें आधींच लक्षांत घ्यावें. शिवाय दुखतें, प्रत्येक बैठकीस पैसे पडतात, आणि इतकें करूनही फिकट सांवली राहणारच नाहीं असें प्रामाणिक वैद्य कधींही सांगत नाहीं. "एका दिवसांत गोंदण गायब" अशी पाटी जेथें दिसेल, तेथून मागें फिरावें. त्वचारोगाचें शिक्षण घेतलेल्या वैद्याकडेच जावें. सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांत लेसर आहे एवढ्यानें तेथें विद्या आहे असें होत नाहीं.

भरतीची स्वप्नें पाहणाऱ्या मुलांसाठीं आणखी एक हिशेब मांडतों. भारतीय सैन्याच्या नियमाप्रमाणें कायमचें गोंदण हाताच्या आंतल्या बाजूस कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या पाठीमागच्या बाजूसच चालतें. दंड, मान, छाती अशा इतर ठिकाणीं असेल तर उमेदवार बाद होतो. ज्या आदिवासी जमातींत गोंदण्याची रूढि आहे त्यांना त्या रूढीपुरती सवलत आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांनीं ती जाणून असावी, पण नटाच्या नांवाला ती लागू पडेल असें समजूं नये. आतां आठ बैठकी धरल्या व दोहोंमध्यें आठ आठवडे धरले, तर वर्षाहून अधिक काळ जातो. भरतीची जाहिरात निघाल्यावर जागें होणाऱ्यास लेसर तारूं शकत नाहीं, आणि मग तो चुन्या-तेजाबाकडे वळतो. एका संध्याकाळच्या हौसेची किंमत ही अशी द्यावी लागते.

येथवर उपायांची गोष्ट झाली. पण आमचें खरें म्हणणें ह्यापुढेंच आहे. गोंदण काढावें कीं नाहीं, हें तें कोणी व कां काढावयास सांगतो ह्यावरून ठरवावें. इतिहासांत मनुष्याच्या अंगावर बळजबरीनें खुणा केल्याचे दाखले आहेत. कंपनी सरकारच्या काळांत बंगाल इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत असत. ती चाल १८४९ सालीं बंद झाली. कांहीं कैदी फेट्यानें तें कपाळ झांकीत. इतकें दूर जावयास नको. १९९३ सालीं पंजाबांत अमृतसर येथें पोलिसांनीं कांहीं स्त्रियांच्या कपाळावर त्या खिसेकापू आहेत असें गोंदविलें, आणि त्या प्रकरणीं न्यायालयानें शिक्षा ठोठावली ती २०१६ सालीं. अशा खुणा काढून टाकणें हा त्या स्त्रियांचा हक्कच होता. परंतु आजीबाईंच्या कपाळावरचा ठिपका ह्या जातीचा नव्हे. तो तिच्या मायेच्या माणसांनीं काढविला. त्याला गांवंढळ म्हणून हसणारा शहाणा ठरत नाहीं.

आणि म्हणूनच शहरांत शिकणाऱ्या मुलीचें दुःख आम्हांला अधिक लागतें. तिला ठिपका नकोसा होतो, तो बहुधा ठिपक्यामुळें नव्हे, हसणाऱ्या सोबतिणींमुळें. हसणें थांबलें तर कदाचित् तिला लेसरची गरजही वाटणार नाहीं. तरी सुद्धां, शांत विचार करून तिनें तो काढावयाचें ठरविलें, तर "आपली रूढि मोडतेस" असें म्हणून तिला अडविण्याचा अधिकार कोणासही नाहीं. लहानपणीं तिला विचारलें नव्हतें. निदान आतां तरी तिचें ऐकावें. ज्याचें अंग त्याचा निर्णय, मात्र तो लाजेपोटीं घेतलेला नसावा, एवढेंच आमचें सांगणें.

कोणी म्हणतील, ख्रिस्ती शाळेच्या अंकांत गोंदणाची ही तरफदारी कशी? पवित्र शास्त्रांतील लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायांत अंग गोंदविण्याची मनाई आहे, हें आम्ही जाणतों. पण मिसर देशांतील कॉप्ट ख्रिस्ती लोक मनगटावर क्रूस गोंदवितात व यरुशलेमेस जाणारे यात्रेकरू शतकानुशतकें तसें करीत आले, हेंही खरें आहे. मनुष्याची पारख त्याच्या कातडीवरून करूं नये, हें दोन्हीकडून सारखेंच निष्पन्न होतें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, अज्ञान मुलांस हौसेनें किंवा रूढीनें गोंदवूं नये. आणि मोठ्या मुलानें न विचारतां गोंदविलें असेल, तर मारहाण करून त्यास चुन्याच्या डबीकडे लोटूं नये, वैद्याकडे न्यावें. एकच सुई अनेकांस टोंचली तर काविळीसारखे रक्तांतून पसरणारे रोग होतात, हें मुलांस आधींच सांगावें. सरकारकडेही आमचें मागणें आहे. ज्या तरुणाची भरती एका नांवामुळें अडते, त्याचा बाप बहुधा शेतमजूर असतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत हा उपचार अल्प खर्चांत मिळाला, तर कित्येक हात जळण्यापासून वांचतील.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस हातावर कांहीं गोंदवावेंसें वाटेल तेव्हां तें आधीं कागदावर लिहून वहींत ठेवा आणि दोन वर्षें थांबा. त्यानंतरही तें तितकेंच प्रिय असेल, तर तेव्हां तुम्ही सज्ञान व्हाल आणि निर्णय तुमचा असेल. प्रिय नसेल, तर कागद फाडावयास लेसर लागत नाहीं. आणि तोंवर वर्गांत कोणाच्या कपाळीं हिरवट ठिपका दिसला, तर हसूं नका. शक्य तर तो कोणीं व केव्हां गोंदविला हें आदरानें विचारा.